हत्तींचा यतीमखाना

(संस्थेच्या वार्षिक समारंभात केलेल्या भाषणाचा मजकूर)



चिटणीससाहेबांचे पत्र आले तेव्हा त्यांनी विषय माझ्यावर सोडला होता. या व्यासपीठावरून ‘शिक्षणाचे महत्त्व’ या विषयावर मी यापूर्वी दोनदा बोललो आहे. दोन्ही वेळा मागच्या रांगेतील मुले एकेक करून बाहेर सटकली, आणि खरे सांगायचे तर त्यांत त्यांचा काही दोष नव्हता. म्हणून आज मी हत्तींविषयी बोलणार आहे.

कोकणातल्या आपल्या काही घरांतून कोणी ना कोणी पूर्व आफ्रिकेला गेलेले आहे. माझे चाचा तरुणपणी मोंबासाला गेले आणि तिकडचेच झाले. त्यांची मुले आता नैरोबीत असतात. २०१९ साली त्यांच्याकडे मी महिनाभर राहिलो. पहिले चार दिवस मी नुसता लोकांचे बोलणे ऐकत होतो. तिकडची स्वाहिली भाषा मला मुळीच येत नाही, तरी मधूनमधून ओळखीचा शब्द कानावर येई. पुस्तकाला किताबू, मित्राला रफिकी, बातमीला हबारी, शिक्षकाला म्वालिमू, म्हणजे आपला मुअल्लिम. प्रवासाला सफारी. हा शब्द आपण इंग्रजी समजतो, पण तो आपला सफरच आहे. अरबी व्यापाऱ्यांची गलबते शेकडो वर्षे त्या किनाऱ्याला लागत, त्यांतून हे शब्द उतरले. एके दिवशी माझी पुतणी म्हणाली, “चाचाजी, उद्या तुम्हाला हत्तीची यतीमा पिल्ले दाखवते.” मी म्हटले, यतीमा म्हणजे? ती म्हणाली, “यतीमच की. आईबाप नसलेली.”

तो शब्द ऐकून मी जरा थांबलो. मी स्वतः सात वर्षांचा असताना वालिद गेले, आणि आठव्या वर्षापासून मॅट्रिक होईपर्यंत मी वसतिगृहात वाढलो. यतीमखाना हा शब्द मला पुस्तकातून कळलेला नाही.

नैरोबी शहराला अगदी लागून एक राष्ट्रीय उद्यान आहे. ते १९४६ साली झाले. एका बाजूला उंच इमारती आणि दुसऱ्या बाजूला जिराफ, असे तिथले दृश्य. त्या उद्यानाच्या कडेला हत्तींच्या पिल्लांचे संगोपन केंद्र आहे. सकाळी अकराला तासभर लोकांना आत सोडतात. एक दोर बांधलेला असतो, त्याच्या अलीकडे आपण उभे राहायचे. माझ्या शेजारी गणवेशातली शाळेची मुले रांगेने बसली होती. झाडीतून एकदम धुरळा उडाला आणि कमरेएवढी पिल्ले, सोंड वर करून, कान फडफडवीत धावत आली. हिरवे डगले घातलेली माणसे मोठमोठ्या दुधाच्या बाटल्या घेऊन उभी होती. एकेका पिल्लाने दोन दोन बाटल्या डोळे मिटून रिकाम्या केल्या आणि मग तांबड्या चिखलात लोळण घेतली. मुले खिदळत होती. एक रखवालदार प्रत्येक पिल्लाचे नाव आणि हकीकत सांगत होता. हे विहिरीत पडले होते. हिची आई शिकाऱ्यांनी मारली. याची आई दुष्काळात गेली. हे आईच्या प्रेताजवळ उभे असलेले सापडले. हसणारी मुले हळूहळू गप्प झाली.

हे काम कसे सुरू झाले ते थोडक्यात सांगतो. डेव्हिड शेल्ड्रिक हे त्सावो ईस्ट या अफाट अरण्याचे पहिले प्रमुख. हे त्सावो आपल्या लोकांना अगदीच परके नाही. १८९६ पासून पुढे मोंबासाहून आत रेल्वे नेली, तेव्हा सुमारे ३२ हजार मजूर हिंदुस्थानातून नेले होते, आणि १८९८ साली याच त्सावो नदीवर पूल बांधताना दोन सिंहांनी त्यांपैकी कित्येकांना तंबूतून ओढून नेले. असो. डेव्हिड यांची पत्नी डॅफ्नी. तिचा जन्म १९३४ साली केनियातच झाला. अरण्यात कुठे पोरके पिल्लू सापडले की ते तिच्या अंगणात येई. डेव्हिड १९७७ साली वारले. त्यांच्या नावाने तिने जी संस्था काढली तीच ही. डॅफ्नी २०१८ साली गेली. आता तिची मुलगी अँजेला काम पाहते.

सुरुवातीला प्रश्न दुधाचा होता. वाचविण्याची इच्छा असली की जीव वाचतो, असे आपण समजतो. तसे होत नाही. हत्तीचे पिल्लू पहिली दोन वर्षे तरी दुधावाचून जगूच शकत नाही. गाईचे दूध पाजले तर त्यातली चरबी त्याला पचत नाही, हगवण लागते आणि ते मरते. डॅफ्नीच्या हातांत अशी अनेक पिल्ले गेली. कधी साय काढून पाहिली, कधी हे मिसळले, कधी ते. पिल्ले मरत राहिली आणि ती वहीत लिहीत राहिली. नेमके दूध सापडायला तिला जवळजवळ २८ वर्षे लागली. आणि शेवटी उपयोगी काय पडले? माणसाच्या तान्ह्या मुलांची दुधाची भुकटी आणि नारळाचे तेल. पुतणीने हे सांगितल्यावर मला हसू आले. नारळ आपल्या परसात, आणि त्याचा हा गुण शोधला त्सावोच्या बाईने! विज्ञानाच्या विद्यार्थ्यांनी ते २८ वर्षे लक्षात ठेवावे. परीक्षेत एकदा नापास झाल्यावर तुम्ही विषय बदलता.

आता जी गोष्ट सांगणार आहे, तिच्यासाठीच खरे तर मी आज उभा राहिलो. १९७४ साली डॅफ्नीकडे एक अगदी तान्हे पिल्लू आले. तिचे नाव ठेवले आयेशा. नारळाच्या तेलाचे दूध तिला मानवले. इतके लहान पिल्लू जगते आहे असे प्रथमच घडत होते. डॅफ्नी तिच्याजवळ रात्रंदिवस असे. पिल्लू तिच्या पायांत पायांत घुटमळे, ती दिसेनाशी झाली की ओरडे. सहा महिने असे गेले. मग डॅफ्नीच्या मोठ्या मुलीचे लग्न निघाले. आई म्हणून जाणे भाग होते. पिल्लाला दुसऱ्या विश्वासू माणसावर सोपवून ती थोड्या दिवसांसाठी गेली. दूध तेच, जागा तीच. पण आयेशाने खाणेपिणे सोडले. डॅफ्नी परत आली तेव्हा तिच्यात काही उरले नव्हते. लवकरच ती गेली.

डॅफ्नीने पुढे आयुष्यभर सांगितले की यात चूक माझी होती. दूध बरोबर होते, प्रेमही खोटे नव्हते. चूक ही, की त्या जीवाला सारे जग मिळून एकच माणूस दिले. अरण्यात हत्तीचे पिल्लू एकट्या आईचे नसते. सर्वांत वडील हत्तीण त्या कुटुंबाची प्रमुख असते, आणि तिच्याभोवती मावश्या, बहिणी, मोठ्या पोरी असतात. पिल्लू चिखलात रुतले तर चार सोंडा एकदम पुढे येतात. आयेशाला हे काही मिळालेच नाही.

त्यानंतर तिने पद्धत बदलली. आता तिथे पिल्लांना सांभाळणारी माणसे बरीच आहेत. ही माणसे तान्ह्या पिल्लाजवळ चोवीस तास असतात. दर तीन तासांनी दूध, रात्रीसुद्धा. रात्री रखवालदार पिल्लाच्याच खोपटात झोपतो. पण आज ज्याच्या खोपटात झोपला, उद्या त्याच्या खोपटात झोपायचे नाही. पाळी बदलते. सर्वांनी सर्वांवर माया करायची. पिल्लाला थंडी लागली की फुप्फुसांचा विकार जडतो, म्हणून पाठीवर घोंगडी बांधतात. अगदी कोवळे पिल्लू असेल तर उन्हात त्याच्या कानांना मलम लावतात. आईच्या पोटाला सोंड टेकून दूध पिण्याची त्याची सवय असते, तर एक घोंगडी टांगून ठेवतात. तिला सोंड टेकली की ते बाटली तोंडात घेते. घोंगडी आई होत नाही, हे त्यालाही कळत असावे. पण टेकायला काहीतरी लागते.

इथे मी स्वतःचे थोडे सांगतो, पालकांनी माफ करावे. आमच्या वसतिगृहात रात्री कंदील घेऊन फेरी मारणारे एक चाचा होते. पांघरूण सरकले असेल तर ते नीट करीत. मी त्यांना इतका चिकटलो होतो की शाळेतून आलो की प्रथम त्यांची काठी कोपऱ्यात आहे का ते पाही. ते एके दिवशी नोकरी सोडून गावी गेले. मी जेवणे टाकले. त्यानंतर काय झाले? काही विशेष नाही. वरच्या वर्गातली दोन मुले येऊन माझ्या ताटाजवळ बसली आणि त्यांतला एक म्हणाला, तू जेवल्याशिवाय आम्ही उठणार नाही, आणि आम्हाला खेळायला जायचे आहे. मी जेवलो. नैरोबीच्या त्या दोराजवळ उभा असताना, पन्नास वर्षांहून अधिक काळानंतर, मला त्या दोन मुलांची आठवण झाली.

कारण तिथेही तेच चालते. नवे पिल्लू येते तेव्हा ते माणसावर धावून जाते. माणसानेच त्याची आई मारलेली असते, त्याने विश्वास का ठेवावा? रात्री ते झोपेत किंचाळते. मग जुनी पिल्ले त्याच्या कडेला जाऊन उभी राहतात, सोंडेने त्याचे तोंड, पाठ चाचपतात. जी लहानशी हत्तीण दोन वर्षांपूर्वी स्वतः तशीच आली होती, ती आता मावशी झालेली असते. रखवालदारांचे अर्धे काम ही पिल्लेच करतात. तरीही सगळी जगत नाहीत. आजारी, जखमी, फार उशिरा सापडलेली कित्येक मरतात, आणि ज्या माणसाच्या कुशीत पिल्लू गेले त्याला दुसऱ्या रात्री दुसऱ्या पिल्लाजवळ झोपावे लागते.

हा सारा खटाटोप कशासाठी? पिंजऱ्यात ठेवायला नव्हे. तीनएक वर्षांचे झाले की पिल्लू त्सावोच्या बाजूला नेतात. तिथे वोई, इथुंबा आणि किब्वेझीच्या जंगलातले उमानी अशी तीन ठाणी आहेत. सकाळी रखवालदार त्यांना रानात घेऊन जातात, संध्याकाळी कुंपणात आणतात. रानात जंगली हत्तींचे कळप भेटतात. कधी ओळख होते, कधी धक्के मारून हाकलतात. एखादी रात्र कोणी बाहेर राहते, घाबरून परत येते. पुन्हा महिन्याने राहते. अशी पाच, सात, दहा वर्षे जातात. आता तू जा, असे कोणी सांगत नाही. आणि जाऊ नकोस, असेही कोणी म्हणत नाही. एका संध्याकाळी ती परत येत नाही, एवढेच.

अशा रीतीने आजवर ३०० हून अधिक पोरकी पिल्ले तिथे वाढली. पण प्रत्येक जीव सोडता येतोच असे नाही. नैरोबीत मी मॅक्सवेल नावाचा गेंडा पाहिला. तो आंधळा. २००७ साली बछडा असताना आईने टाकलेला सापडला. डोळ्यांवर शस्त्रक्रिया करूनही उपयोग झाला नाही. त्याला रानात सोडणे म्हणजे मारणे. म्हणून त्याचे मोठे कुंपण हेच त्याचे रान. तिथेच वाढून रानात गेलेली सोलिओ नावाची गेंड्याची मादी रात्री येऊन कुंपणापलीकडून त्याच्याशी हुंकार देत असे, असे सांगितले.

सोडण्याची घाई केली किंवा नुसत्या मायेवर विसंबले तर काय होते, त्याचेही उदाहरण केनियातच आहे. एल्सा सिंहिणीची गोष्ट काहींनी वाचली असेल. १९५६ साली जॉर्ज ॲडम्सन यांच्या गोळीने एक सिंहीण मेली आणि तिचे तीन बछडे घरी आले. दोन युरोपातल्या प्राणिसंग्रहालयात गेले. एल्साला जॉर्ज आणि जॉय या दांपत्याने शिकार शिकवून रानात सोडले, तिला रानात बछडे झाले. जगभर कौतुक झाले. पण १९६१ साली एल्सा आजाराने मेली आणि तिचे बछडे गावकऱ्यांच्या बकऱ्या मारू लागले, तेव्हा त्यांना दूर सेरेंगेटीत न्यावे लागले. जॉर्जचा पुढचा एक सिंह, बॉय, याने १९७१ साली त्यांच्याच एका नोकराला मारले, आणि जॉर्जने स्वतःच्या हाताने त्या सिंहाला गोळी घातली. माणसाची भीती गेलेला सिंह आणि त्याच्या वाटेवर राहणारा गरीब माणूस, यांचा हिशेब कोणी मांडायचा?

तो प्रश्न मला तिथल्या शाळेच्या एका मुलानेच आठवून दिला. खेळ संपल्यावर त्याने रखवालदाराला इंग्रजीत विचारले, “आमचा मका हत्ती खातात. मग यांना आम्ही दूध का द्यावे?” सारे हसले, पण रखवालदार हसला नाही. तो म्हणाला, माझ्याही बापाचा मका हत्तींनी खाल्ला आहे. आणि मग तो कुंपणांविषयी, हत्तीला पिटाळण्याच्या युक्त्यांविषयी बराच वेळ बोलत राहिला. मला त्या मुलाचा प्रश्न योग्य वाटला आणि अजूनही वाटतो. २०२२ साली तिथे भयंकर दुष्काळ पडला. फेब्रुवारी ते ऑक्टोबर एवढ्या काळात २०५ हत्ती मेले, अशी सरकारी नोंद आहे. त्याच वर्षी त्याच मुलखात गुरे मेली, आणि माणसे अन्नासाठी रांगेत उभी होती.

याला अर्धेमुर्धे उत्तर उत्तरेकडच्या सांबुरू लोकांनी दिले आहे, ते मला फार आवडले. हे गुराखी लोक. उन्हाळ्यात कोरड्या नदीच्या वाळूत खोल विहिरी खणतात आणि एकाखाली एक उभे राहून, गाणी म्हणत, गुरांसाठी पाणी वर देतात. रात्री त्याच विहिरींवर हत्ती येतात आणि पिल्ले आत पडतात. २०१६ साली त्यांनी स्वतःच्या जमिनीवर, स्वतःच्या मालकीचे रेटेटी नावाचे केंद्र काढले. विहिरीत पिल्लू दिसले की पहिला प्रयत्न एकच असतो. ते बाहेर काढून त्याच रात्री त्याच्या आईच्या कळपात पोचविणे. यतीमखान्यात दाखल करावेच लागू नये, हे ते सर्वांत मोठे यश मानतात. जे पिल्लू राहते त्याला भुकटीऐवजी शेळीचे दूध पाजतात, आणि ते दूध आसपासच्या बायकांकडून विकत घेतात. त्यामुळे त्या मुलखात हत्तीचे पिल्लू जगले तर एखाद्या घरी मीठमिरचीचे पैसे येतात. तिथे पिल्लांना सांभाळणाऱ्यांत बायकाही आहेत. ज्या समाजात बाई असे काम करील असे कोणाला वाटले नव्हते, त्या समाजात. आपल्या मुलींच्या पालकांनी हे ऐकावे म्हणून मुद्दाम सांगितले.

हत्ती पोरके का झाले, हेही एका वाक्यात सांगतो. हस्तिदंत. १९७३ च्या सुमारास केनियात १ लाख ६७ हजार हत्ती असावेत असा अंदाज होता. १९८९ साली ते १६ हजारांवर आले. त्या वर्षी राष्ट्राध्यक्ष मोई यांनी १२ टन हस्तिदंत नैरोबीच्या त्याच उद्यानात पेटवून दिला, आणि जगभर व्यापारावर बंदी आली. आपणही हात झटकू नयेत. आफ्रिकेचा दंत एकेकाळी मुंबई बंदरात उतरत असे आणि त्याच्या बांगड्या आपल्याच देशात लेकींच्या हातांत चढत. २०२१ च्या शिरगणतीत केनियात ३६,२८० हत्ती मोजले गेले. पूर्वीइतके नाहीत, पण वाढताहेत.

आता वेळ झाली, अध्यक्षसाहेब घड्याळ पाहत आहेत. एमिलीचे सांगून बसतो.

एमिली १९९३ साली त्सावोजवळ, वापरात नसलेल्या संडासाच्या खड्ड्यात पडलेली सापडली, अगदी तान्ही. नैरोबीत वाढली, वोईला गेली, आणि तिथल्या पोरक्या पिल्लांची प्रमुख झाली. मग ती रानातली झाली. दिवसच्या दिवस दिसत नसे. हत्तीणीला बावीस महिने गर्भ असतो. २००८ च्या डिसेंबरमध्ये ती वोईच्या ठाण्याकडे आली ती एकटी नव्हती. पायांत एक ओले, डुगडुगते पिल्लू होते. ज्यांनी तिला बाटली पाजली होती, घोंगडी पांघरली होती, त्या माणसांच्या अगदी जवळ तिने ते आणून उभे केले आणि त्यांना हात लावू दिला. रानातली हत्तीण असे करीत नाही. माणसांनी पिल्लाचे नाव ईव्ह ठेवले. एमिली थोडा वेळ थांबली, पाणी प्याली, आणि पिल्लाला घेऊन रानाकडे निघून गेली.